न लागलेल्या भुकेचं पुण्य

हरताळकेच्या निर्जळी उपासाचं पुण्य माझ्या नावावर जमा झालं असेल, असं मला वाटत नाही. उपास कधी मोडला म्हणून म्हणत नाही. लग्न होऊन वाईला आले तेव्हापासून साठी उलटेपर्यंत तो एकदाही मोडला नाही. अडचण वेगळीच आहे. मला भूक लागत नाही. अन्न लागतं, चारचौघींसारखंच लागतं. वेळेवर पोटात गेलं नाही तर हात थरथरतात, डोकं जड होतं, समोरच्यावर उगाच खेकसते. पण इतरांच्या पोटात जे कावळे कोकलतात म्हणे, ते माझ्या पोटात आजवर बोललेले नाहीत. तहानेचंही तसंच. घड्याळ बघून जेवते, तांब्या डोळ्यांसमोर ठेवते म्हणून पाणी प्यायलं जातं. मग दिवसभर आणि अर्धी रात्र पाण्याचा थेंब न घेता राहिले, यात मी नेमकं काय सोडलं?

आता त्याच व्रताचा दुसरा भाग. रात्रीचं जागरण. आमच्या माजघरात आळीतल्या बायका जमायच्या. झिम्मा, फुगडी, गाणी, उखाणे, मध्येच सगळ्यांचं एकदम खो खो हसणं, पत्रीचा उग्र वास, त्यात केवडा, त्यात उदबत्ती, कुणाचं तरी तान्हं किंचाळतंय, कुणी परात वाजवतंय. बारा वाजून गेले की रुईच्या पानावरचं तूप चाटायचं आणि मग पांगायचं. सासुरवाशिणी वर्षभर या रात्रीची वाट बघत. मी फुगडीच्या दुसऱ्या फेरीला उठून मागच्या न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे आणि थंड बंबाला कपाळ टेकून कानांत बोटं घालून बसायचे. बाहेर आल्यावर डोळे लाल. लोकांना वाटे, रडून आली.

सासूबाई उपासाचं कौतुक सगळ्या आळीत सांगत. "आमच्या सूनबाईला दिवसभर पाण्याची आठवणसुद्धा होत नाही हो, श्रद्धाच तशी आहे." आणि त्याच रात्री, त्याच तोंडानं, "चार बायकांत बसायचं म्हणजे हिला कमीपणा वाटतो." दोन्ही मी ऐकून घेतलं. जे मी कमावलं नव्हतं त्याची शाबासकी आणि जे माझ्या हातात नव्हतं त्याचा ठपका, दोन्ही एकाच तिथीला पदरात पडत. या दोन्ही निवाड्यांत देवाचं नाव घेतलं जाई, म्हणून हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. नुसता वैद्यकाचा असता तर डॉक्टरांवर सोडून मी मोकळी झाले असते.

वैद्यकातलं त्याचं नाव मला पन्नाशीनंतर कळलं. भावाच्या नातवाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं निदान झालं. त्याच्या आईबापांना भरायला दिलेली प्रश्नावली टेबलावर पडली होती. मिक्सर लावला की कान झाकतो का? पडलं, खरचटलं तरी रडत नाही का? कपड्याची शिवण टोचते का? घट्ट गुंडाळून घ्यायला आवडतं का? मी वाचायला घेतली आणि नातवाची राहिली बाजूला, माझीच उत्तरं मनात भरत गेले. पुढे माझीही रीतसर तपासणी झाली. ती कहाणी इथे सांगत नाही, कंटाळवाणी आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानपुस्तकाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा संवेदना फार तीव्र असणं किंवा फार मंद असणं हे ऑटिझमच्या निकषांत स्पष्टपणे आलं. दिसत मात्र होतं आधीपासून. १९४३ साली लिओ कॅनरनं अकरा मुलांचं जे पहिलं वर्णन छापलं, त्यात व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला, अगदी वाऱ्यालाही घाबरणारी मुलं आहेत. त्यातली एक नोंद मला फार आवडते. ज्या आवाजानं मूल भेदरतं तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मजेत करतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हे मला न शिकवता कळतं. देवळातली घंटा मी स्वतः वाजवली तर काही होत नाही, उलट छातीत घुमते ते बरं वाटतं. तीच घंटा पाठीमागून कुणी अचानक वाजवली की दाताच्या मुळापर्यंत कळ जाते. आपल्या हातून होणाऱ्या आवाजाचा अंदाज मेंदूनं आधीच बांधलेला असतो, दुसऱ्याच्या हाताचा नसतो. सासूबाई म्हणत, "मघाशी स्वतः वाजवलीस तेव्हा बरी चालली!" त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, माहिती अपुरी होती.

लोकांना सगळ्यात अवघड जातं ते हे, की जास्त आणि कमी एकाच देहात कसं असेल. दोन्ही एकाच इंद्रियात असतं, हे तर त्यांना पटतच नाही. हाक मारली तर मला तिसऱ्या हाकेला कळतं. पण शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणायला लागला की झोप उडते. ब्लाउजच्या काखेतली शिवण दिवसभर चावते, आणि त्याच कातडीला तव्याचा चटका कळत नाही. पोळी बोटांनी उलटते आणि रात्री ओटा पुसताना बोटावर फोड दिसतो. कुणी प्रेमानं पाठीवरून हलका हात फिरवला तर अंगावर काटा येतो, मात्र नऊवारीचा कासोटा घट्ट आवळला की जीव जागेवर येतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन विदुषीनं गुरांना लस टोचताना धरून ठेवायच्या पिंजऱ्यावरून कल्पना घेऊन स्वतःसाठी एक दाब देणारं यंत्र तयार केलं होतं. मला नऊ वार लुगडं पुरलं. मी शिकवायचे त्या शाळेत मुली म्हणत, बाई किती जुन्या वळणाच्या! म्हणू देत.

आमच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या भिंतीवर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. इतर माणसांच्या कानांमागे अशी भिंत असणार. माझ्या कानांमागे ती बांधायची राहिली, आणि पोटाच्या मागे मात्र इतकी जाड बांधली की पूर सोडाच, ओलसुद्धा आत येत नाही.

संस्कृत शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे उत्तर शोधायला मी पोथ्यांकडे वळले यात नवल नाही. गंमत अशी की पहिलं उत्तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. कुमारसंभवाचा पाचवा सर्ग. हरताळकेच्या कहाणीत जे पार्वतीचं तप आहे, त्याच तपाचं कालिदासानं केलेलं वर्णन. उन्हाळ्यात चार बाजूंना चार अग्नी आणि नजर सूर्यावर, पावसाळ्यात उघड्यावर शिळेवर निजणं, पौषातल्या रात्री पाण्यात उभं राहून काढलेल्या. शेवटी झाडाचं गळलेलं पानही सोडलं. हे सगळं मुलांना पाठ असतं. पण या कष्टांच्या आधीच कवी एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, ती परीक्षेत येत नाही. ही मुलगी अशी होती की मऊ बिछान्यावर कूस बदलताना आपल्याच केसांतली फुलं अंगाखाली आली तरी तिला दुखायचं. म्हणजे पार्वतीची कातडी आमच्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा जागी होती! कालिदासाला हे आधी सांगावं लागलं, कारण त्याशिवाय पुढच्या तपाला वजनच येत नाही. जिला फूल रुततं ती दगडावर झोपली म्हणून ते तप. जिला दगडच रुतत नाही तिचं दगडावर झोपणं म्हणजे झोपणं.

त्याच सर्गात पुढे शंकर बटूचं सोंग घेऊन येतो आणि पार्वतीला जे क्षेमकुशल विचारतो, त्यात एक प्रश्न असा आहे की हे जे करते आहेस ते आपल्या शक्तीच्या मानानं करते आहेस ना? ज्याच्यासाठी तप चाललंय तो स्वतःच येऊन आधी हे विचारतो. आमच्या माजघरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

गीतेपाशी आले की माझं जरा बिनसतं. दुसऱ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, थंडी आणि ऊन, सुख आणि दुःख इंद्रियांच्या वाटेनं येतात आणि जातात, ते सोस. विवेकचूडामणी, जो परंपरा शंकराचार्यांचा मानते, तितिक्षेची व्याख्या आणखी कडक करतो. दुःख सोसायचं, त्यावर उपाय करत बसायचं नाही, त्याची चिंता नको आणि रडगाणंही नको. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दुःख दारात आलेलं आहे आणि सगळ्यांच्या दाराची रुंदी साधारण सारखी आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात मुनीनं सोसायच्या 22 परीषहांची यादी आहे, तिच्यात पहिली दोन नावं भूक आणि तहान, मग थंडी, उष्मा, डास. पहिल्या दोन परीक्षांत मी पेपर न लिहिताच पास. ढोल मात्र त्या यादीत नाही. मुनी वस्तीपासून लांब राहत असावेत.

स्थितप्रज्ञाचं कासव तर सगळ्यांना माहीत असतं. ते आपले अवयव आत ओढून घेतं, तसा ज्ञानी इंद्रियांना विषयांपासून आवरतो. इथे ओढून घेणारं कासव आहे, त्याला बाहेरही येता येतं आणि आतही जाता येतं, म्हणून त्याच्या आवरण्याला किंमत. माझे काही अवयव जन्मापासून आतच आहेत आणि काही आत घेताच येत नाहीत. न्हाणीघरात कडी लावून बसलेली मी बाहेरून बघणाऱ्याला कासवासारखी दिसत असेनही. आतून ती निव्वळ पळापळ होती. मात्र त्याच कासवाच्या पुढच्याच श्लोकानं मला हात दिला. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. उपाशी पोटाकडे बघून आतल्या माणसाबद्दल काही ठरवू नका, ही सूचना गीतेनंच देऊन ठेवली आहे. सासूबाई रोज एक अध्याय वाचत. त्यांना दोष देत नाही. मीही वाचतच होते.

सांख्यांकडे गेले तेव्हा पहिल्यांदा नीट बसायला जागा मिळाली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत बुद्धीच्या अवस्थांचे पन्नास भेद मोजले आहेत. विपर्यय, म्हणजे चुकीचं ज्ञान, 5 प्रकारचं. तुष्टी 9, सिद्धी 8. आणि अशक्ती 28, त्यातल्या 11 इंद्रियांच्या. बहिरेपणा, आंधळेपणा, वास न येणं, आणि त्वचेला स्पर्श न कळणं हेही त्यात टीकाकारांनी धरलं आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा ठेवला. कारण काय, तर स्पर्श न कळणं त्यांनी सिद्धीच्या रकान्यात घातलं नाही आणि विपर्ययाच्याही नाही. ती अशक्ती. नुसती अशक्ती. तिच्यासाठी हारही नाही आणि शिक्षाही नाही. आमच्या घरी हे तीन रकाने वेगळे ठेवले असते तर बरंच काही वाचलं असतं.

पण सांख्यांवरही माझी एक तक्रार आहे. त्यांनी फक्त कमी मोजलं. ज्याला जास्त ऐकू येतं, त्याची गणती त्या अकरांत कुठेच नाही. पतंजलीच्या विभूतिपादात ते सापडतं, दिव्य श्रवण, दिव्य स्पर्श, पण तिथे ते योग्याला साधनेतून मिळालेलं फळ आहे. पतंजली हुशार माणूस. या गोष्टी जगाच्या दृष्टीनं सिद्धी असल्या तरी समाधीच्या आड येतात, असंही तो लगेच बजावतो. आड येतात हे मी शपथेवर सांगू शकते. फक्त मला त्या साधना न करता मिळाल्या, आणि समाधी राहिली बाजूला, साधी आरती पुरी होत नाही.

जास्तीची खरी दखल घेतली ती चरकानं. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तो रोगाच्या तीन कारणांत इंद्रियांचा विषयांशी न मानवणारा संयोग धरतो आणि त्याचे अतियोग, अयोग, मिथ्यायोग असे तीन प्रकार करतो. कानाच्या अतियोगाला त्यानं दिलेली उदाहरणं म्हणजे ढगांचा गडगडाट, नगारे, आरडाओरडा. हा ग्रंथ जुना आहे, तेव्हा डीजे नव्हते. आणि मानवतं काय, हे चरक माणसागणिक वेगळं धरतो. ज्याचं त्याला जे सोसतं ते त्याचं सात्म्य. वैद्याला हे धरावंच लागतं, नाहीतर रोगी दगावतो. धर्म सांगणाऱ्यानं ते धरलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ऐकणाऱ्याचं.

इथे कुणीतरी हमखास संतांचा दाखला देतं. १८९६ साली सोळा वर्षांचे रमण महर्षी तिरुवण्णामलैला आले आणि तिथल्या मोठ्या देवळातल्या पाताळलिंगाच्या अंधाऱ्या तळघरात बसले. किड्यामुंग्यांनी मांड्या खाल्ल्या, जखमा झाल्या, त्यांना पत्ता नव्हता. उलट बाजूला रामकृष्ण परमहंस. नाण्याचा स्पर्श त्यांना सहन होत नसे. त्यांच्या शिष्यानं, नरेंद्रानं, परीक्षा म्हणून गादीखाली रुपया ठेवला, तर ते वेदनेनं उठून उभे राहिले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. एकाला लागलं नाही, एकाला नको इतकं लागलं, आणि दोन्ही देवत्वाची खूण मानली गेली. या दोघांना ऑटिझम होता का, असा प्रश्न एका सुशिक्षित गृहस्थांनी मला उत्साहानं विचारला होता. मेलेल्या माणसाची तपासणी होत नाही, आणि जिवंतपणीही त्यांना ती नको असती. मला त्या चरित्रांतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. रमणांना तळघरातून माणसांनी उचलून बाहेर आणलं. तोंडात घास घातला. ज्या देहाला स्वतःचं दुखणं कळत नव्हतं, तो दुसऱ्यांनी बघितला म्हणून पुढे 1950 पर्यंत राहिला. देह विसरलेल्या माणसाची स्तुती करणारे खूप असतात, त्याच्या मांडीवरच्या मुंग्या झटकणारे थोडे.

पॉल ब्रँड नावाचे एक शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात कुष्ठरुग्णांवर काम करत. या रोगात बोटं आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी दाखवून दिलं की मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चटका, काच, जखम कळत नाही, माणूस त्याच हातानं काम करत राहतो आणि हात त्यामुळे नासतो. वेदना ही देणगी आहे, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. स्वतः मिशनरी घरातले, तेव्हा ही देणगी कुणाची हे त्यांना सांगावं लागलं नाही. मला हे पुस्तकात वाचायला मिळण्याच्या बरंच आधी अनुभवाला आलं होतं. चाळिशीत एकदा पोटात थोडं जड वाटत होतं, म्हणून ओव्याचं पाणी घेऊन मी पेपर तपासत बसले. ताप चढून शुद्ध हरपली तेव्हा दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वेळात माणूस गडाबडा लोळतो, तुम्ही करत काय होता? सासूबाई बाहेर बसलेल्या नातलगांना सांगत होत्या, "फार सोशिक आहे हो."

सोशिक. आमच्याकडे बाईला मिळणारी ही सगळ्यात मोठी पदवी, आणि माझा राग असेल तर तो इथे आहे. घराला बाईचं न दुखणं सोयीचं पडतं. तिला चटका लागत नाही, भूक लागत नाही, तिला थंडीत पहाटे ओलेत्यानं देवपूजा करता येते, मग तिच्याभोवती पुण्याची महिरप काढली की झालं. जिला हे सगळं लागतं आणि तरी जी करते, तिच्या जिवाचं काय होतं ते विचारायची गरज पडत नाही. जिला लागतच नाही, तिच्या देहाचं काय होतं तेही कुणी बघत नाही. आणि जिला यातलं काही फार लागतं, ती नाटकी. तितिक्षा हा फार मोठा गुण आहे, मी तो नाकारत नाही. पण तो स्वतःसाठी घ्यायचा वसा आहे. दुसऱ्याच्या गळ्यात बांधला की त्याचा जाच होतो, आणि लहान मुलाच्या गळ्यात बांधला तर त्याला मी सरळ क्रूरपणा म्हणते. गणपतीच्या मिरवणुकीत कान झाकून किंचाळणाऱ्या पोराला ढोलापुढे नेऊन "सवय होऊ दे" म्हणणारे बाप मी पाहिले आहेत. सवय होत नाही. झालेली दिसते तेव्हा पोर आतून गप्प झालेलं असतं.

मग मी हरताळकेला आता काय करते? निर्जळी उपास सोडला. घड्याळाचा गजर लावून दर दोन तासांनी पाणी पिते, दूध घेते, फळं खाते. सून म्हणते, "आई, तुम्ही व्रत सोडलंत?" तिला सांगितलं, सोडलं नाही, जागा बदलली. रात्री कानांत कापसाचे बोळे घालून मी बायकांमध्ये जाऊन बसते. फार वेळ नाही, एक गाणं, जमलं तर दोन. बसण्याआधी सांगून ठेवते की मधूनच उठेन, हाक मारू नका. त्या एका गाण्यापुरती मी काहीतरी दिलं असं मला वाटतं, कारण ते मला जड पडतं. ते कुणी दिलेलं काम नाही, मी घेतलेलं आहे. पाण्याच्या बाबतीत तर उलटा प्रकार आहे. माझ्या देहाला जे ऐकू येत नाही ते त्याच्या वतीनं लक्षात ठेवणं, हाच माझ्यापुरता नेम झाला आहे, आणि तो चातुर्मासापुरता नाही, रोजचा आहे.

देवळांबद्दल मात्र दोन शब्द बोलायचे आहेत. आमच्या भागातल्या एका देवळात विजेवर चालणारं आरतीचं यंत्र बसवलं आहे. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा सगळं एकदम, एकाच ठेक्यात, दगडी सभामंडपात. भाविकांचे हात मोकळे राहतात, असं विश्वस्तांचं म्हणणं. हात मोकळे कशाला हवेत ते मला कळलं नाही. पूर्वी टाळ्या आणि टाळ असत, आवाज माणसागणिक चढायचा-उतरायचा, माझ्यासारखीला खांबामागे उभं राहून निभावता यायचं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायला सांगतात आणि सणावारी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकारला देऊ देतात. हे नियम म्हातारी माणसं आणि आजारी माणसं डोळ्यांपुढे ठेवून लोक सांगतात. त्यांत आमचीही भर घाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा देवळाच्या पायरीला उतार बांधून देता तसा एखादा शांत वेळही द्यायला हरकत नसावी.

विश्वस्तांना मी अर्ज दिला आहे. आठवड्यातून एक आरती यंत्राशिवाय करा, एवढंच मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. ज्यांच्या गावात देऊळ आहे आणि देवळात असं यंत्र आहे, त्यांनीही असा अर्ज द्यावा. आणि तोवर, आरती चालू असताना एखादं माणूस मधूनच उठून बाहेर गेलं तर त्याला मागे बोलावू नका, त्याच्या श्रद्धेबद्दल बोलू नका. तुमच्या घरात जिला भाजत नाही, भूक लागत नाही, काही दुखत नाही असं तुम्ही कौतुकानं सांगता, तिला वेळेवर जेवायला बसवा आणि तिचे हात-पाय अधूनमधून उजेडात नीट बघत जा.